हकीममधला 'ह'

जून महिन्यात प्रवेशाचे काम सुरू झाले, की मुख्याध्यापकाचे निम्मे दिवस नावांतच जातात. हजीऱ्याच्या ह्या पट्ट्यात खताचे, गॅसचे, पोलादाचे कारखाने आहेत आणि कामाच्या ओढीने खानदेशातून आलेली मराठी कुटुंबेही बरीच. भुसावळवरून येणारी तापी जिथे समुद्राला मिळते, तिथेच ही माणसेही येऊन थांबली. मुलाचे नाव घरी मराठीत, दाखल्यावर गुजरातीत आणि पुढे प्रमाणपत्रावर इंग्रजीत. ज्ञानेश्वर हे नाव घ्या. आपण 'ज्ञ'चा उच्चार 'द्न्य' करतो, म्हणून महाराष्ट्रात त्याचे इंग्रजी स्पेलिंग 'डी'ने सुरू होते. गुजरातीत तोच उच्चार 'ग्न'कडे झुकतो, म्हणून इकडचा लिहिणारा सहजच 'जी' लिहितो. चूक कोणाचीच नसते. पण पुढे नोकरीच्या वेळी एका कागदावर 'डी' आणि दुसऱ्यावर 'जी' निघाला, की प्रतिज्ञापत्र, राजपत्र, हेलपाटे! आमच्या एका माजी विद्यार्थ्याची नेमणूक एवढ्याशा अक्षरावरून तीन महिने अडली होती. अहो, खुद्द हजीऱ्याचेच पाहा ना. गुजराती पाटीवर 'ज', इंग्रजी पाटीवर 'झेड'. गाव बिचारे दोन्हींना ओ देते.

"आता काय, चालायचेच, राहू द्या," असे एखादा पालक म्हणाला, की मी त्याला खुर्चीवर बसवतो आणि हकीम ओलाजुवॉनची गोष्ट सांगतो. खानदेशी माणसाला नायजेरियन बास्केटबॉलपटूशी काय कर्तव्य, असा चेहरा तो प्रथम करतो. नंतर ऐकतो.

हकीमचा जन्म 21 जानेवारी 1963 चा, नायजेरियातल्या लागोस शहरातला. आईवडिलांचा सिमेंटचा व्यापार. मातृभाषा योरुबा आणि शाळेत इंग्रजी. म्हणजे आपल्यासारखाच दोन भाषांत वाढलेला मुलगा. शाळेत तो फुटबॉलचा गोलरक्षक होता आणि हँडबॉलही खेळे. बास्केटबॉल त्याच्या हाती आला तो वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास. एरवी ह्या वयात आपण मुलाला "आता खेळ पुरे, दहावीचे बघ" म्हणतो! 1980 मध्ये तो अमेरिकेत ह्यूस्टन विद्यापीठात दाखल झाला, आणि तिथल्या कागदांवर त्याच्या नावातला पहिला 'एच' गळून पडला. हकीमचा 'अकीम' झाला.

ह्या अकीमने नाव पुष्कळ मिळवले. त्याचा विद्यापीठाचा संघ 1982 पासून सलग तीन वर्षे अखेरच्या चार संघांत होता. 1983 ची अंतिम लढत शेवटच्या क्षणी 54-52 अशी गेली, तरी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू हरलेल्या बाजूचा हा मुलगाच ठरला. 1984 मध्ये व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडले, तेव्हा ह्यूस्टन रॉकेट्सने पहिल्या क्रमांकावर ह्याला घेतले. त्याच यादीत तिसऱ्या क्रमांकावर मायकेल जॉर्डन होता, हे सांगितले की वर्गातली मुले सरसावून बसतात. 29 मार्च 1990 ला एकाच सामन्यात त्याने 18 गुण, 16 रिबाउंड, 10 सहाय्य आणि 11 वेळा प्रतिस्पर्ध्याचा चेंडू हवेत अडवणे, असा दुर्मीळ पराक्रम केला. तोही 'अकीम' ह्याच नावावर जमा झाला.

मार्च 1991 मध्ये त्याने जाहीर केले, की माझे नाव 'हकीम' असे लिहावे. लोक म्हणाले, नाव बदलले. त्याचे म्हणणे, बदलले नाही, दुरुस्त केले. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता, अमेरिकाभर त्याची कीर्ती जुन्या नावाने पसरलेली होती. त्या सुमारास तो आपल्या धर्माकडे अधिक श्रद्धेने वळला होता. हकीम म्हणजे आपल्याकडे वैद्य. मूळ अरबीत शहाणा. 'अकीम' लिहिले, तर तो अर्थच हरवतो. प्रसिद्धी मिळाली की माणूस पुष्कळदा नाव आटोपशीर करून घेतो. ह्याने नेमके उलटे केले, ह्याचे मला फार कौतुक वाटते.

आणि खेळ? उंची सात फुटांच्या घरात, पण पावले खो-खोपटूची. त्याच्या त्या प्रसिद्ध चालीला अमेरिकन लोकांनी मोठे नाव दिले आहे. आपण तिला सरळ 'हूल' म्हणावे. खांदा डावीकडे टाकायचा, समोरचा तिकडे झुकला की पाऊल उजवीकडे वळवायचे. तोही सावरला तर पुन्हा डावीकडे. ही पावले त्याला फुटबॉल आणि हँडबॉलने दिली, असे मानतात. उशिरा शिकलेल्या खेळात आधीचे खेळ असे उपयोगी पडले. 1994 च्या अंतिम फेरीत न्यूयॉर्कविरुद्धच्या सहाव्या सामन्यात शेवटच्या क्षणी जॉन स्टार्क्सचा फेकलेला चेंडू त्याच्या बोटांना लागला आणि ह्यूस्टन 86-84 असे वाचले. तो हात मला गोलरक्षकाचाच वाटतो. सातवा सामनाही जिंकून ते विजेते झाले. त्या एकाच हंगामात सर्वोत्तम खेळाडू, सर्वोत्तम बचावपटू आणि अंतिम फेरीतला सर्वोत्तम, हे तिन्ही मान त्याला मिळाले. 1995 मध्ये पुन्हा विजेतेपद आले.

रमजानमध्ये तो दिवसा पाण्याचा घोटही न घेता सामने खेळे. फेब्रुवारी 1995 मध्ये रोजे चालू होते आणि महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. निर्जळी एकादशी करून दिवसभर घरात राबणाऱ्या आपल्या आज्यांना ह्यात फारसे नवल वाटणार नाही. आम्हां पुरुषमंडळींना वाटते.

2002 मध्ये तो निवृत्त झाला. चेंडू अडवण्याचा त्याचा 3830 चा आकडा अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये आजही सर्वांत मोठा आहे. 2009 मध्ये कोबी ब्रायंट आणि 2011 मध्ये लेब्रॉन जेम्स, दोघेही नामवंत असून, त्याच्याकडे पावले शिकायला गेले.

त्याची आणखी एक गोष्ट मुलांना आवडते. मोठमोठ्या खेळाडूंच्या नावाचे बूट शंभर डॉलरच्या पुढे विकले जात होते, तेव्हा हकीमने स्वस्त बुटांना आपले नाव दिले. गरीब घरच्या आईने एवढे पैसे कुठून आणावेत, हा त्याचा सवाल होता. आमच्या मैदानावर निम्मी मुले कॅनव्हासच्या बुटांत आणि काही अनवाणीच खेळतात. ही हकीकत मी त्यांना सांगितली, तेव्हा मागच्या रांगेतून लगेच प्रश्न आला, "सर, ते बूट सुरतेत कुठे मिळतील?"