वस्तऱ्याचं वजन

पहिल्या दाढीनंतर माझा डावा गाल दुपारपर्यंत जळत होता. कुठे कापलं नव्हतं, रक्त नव्हतं. वस्तरा केस कापायच्या ऐवजी ओढत होता आणि केसाबरोबर कातडी खरवडत होता. भाच्यानं तो जर्मनीतल्या झोलिंगेनहून आणलेला. झोलिंगेन म्हणजे सुऱ्या-कात्र्यांचं गाव. खोक्यावर पोलादाच्या कठीणपणाचा आकडा छापलेला होता, रॉकवेल ६२. आणि धार लावून तयार आहे, असंही. तसं ते नव्हतं.

मी वस्तरा घेऊन नानांकडे गेलो. आमच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या दाढ्या त्यांच्या घरानं केल्या. त्यांचे वडील धोकटी काखेत मारून भडगावात ओट्या-ओट्यावर बसत आणि सुगीला खळ्यावरून ज्वारीचं बलुतं नेत. नाना पुढे दुकानात आले. आता ऐंशी पार केलेत, हात थरथरतो, दुकान मुलगा बघतो. मुलाच्या हातात वस्तरा आहे तो नुसता खोबणीचा. गिऱ्हाईक बसलं की नवं ब्लेड मधोमध मोडून त्यात सरकवायचं, दाढी झाली की फेकायचं. एड्सची भीती पसरली तेव्हापासून हे सगळीकडे रुळलं आणि ते योग्यच झालं, एकाची धार दुसऱ्याच्या गालाला लागू नये. पण त्याबरोबर धार लावायची विद्या दुकानातून उठून गेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नानांच्या मुलाला निसणा कसा धरायचा ते ठाऊक नाही. त्याला कधी गरजच पडली नाही.

नानांनी पातं उघडलं, नखानं हळूच टिचकी मारली आणि कानाशी नेलं. पातं किणकिणलं. "टणक शे," एवढंच म्हणाले.

मी दगड मागवले होते : हजाराचा, चार हजारांचा, आठ हजारांचा. आकडा चढेल तसा कण बारीक. वस्तऱ्याची गंमत अशी, की धार लावताना कोन हातानं सांभाळावा लागत नाही. पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकवायची. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून कोन ठरवतात. म्हणून पातं झिजतं तशी पाठही झिजते आणि कोन जवळपास तोच राहतो. पातं दगडाच्या रुंदीपेक्षा लांब, म्हणून तिरकं न्यायचं, टाचेपासून टोकापर्यंत सगळी धार दगडावरून गेली पाहिजे. इतकं वाचून मला येत होतं. पहिल्या संध्याकाळी धारेला मार्करची शाई लावली, हजाराच्या दगडावर दोन-चारदा फिरवला. शाई मधोमध पुसली गेली, दोन्ही टोकांना तशीच. दगडच सपाट नव्हता. काचेवर पॉलिश पेपर ठेवून, दगडावर पेन्सिलच्या रेघा ओढून, त्या पुसल्या जाईपर्यंत तो घासला.

तरी दोन संध्याकाळी गेल्या आणि मनगटावरचा केस काही उडेना. आमच्या आबांचा जुना वस्तरा मऊ होता, पाच मिनिटांत धार धरायचा. हा दगडाला दादच देईना, म्हणून मी जोर लावत गेलो. तिसऱ्या दिवशी सराफ मित्राची डोळ्याला लावायची भिंगाची नळी आणली आणि धारेकडे पाहिलं. करवतीसारखे दाते पडले होते. मऊ पोलाद दाबलं की वाकतं, कठीण पोलादाचे टवके उडतात. शिवाय हे पातं दोन्ही बाजूंनी पोखरून घडवलेलं, धारेजवळ पार पातळ. वरून दाबलं की ते लवतं आणि दगडावर नको तिथे घासतं. म्हणजे माझीच धार मीच मोडत होतो.

दाते दिसल्यावर पोटात गोळा आला. भाच्यानं प्रेमानं आणलेली वस्तू. नाना ओट्यावर शेजारी बसले होते. त्यांनी माझं मनगट धरलं, त्यांच्या थरथरत्या हातानं. "जोर नको लावू भो. वस्तरानं वजनच पुरं शे."

पुन्हा हजारापासून. या वेळी बोटं फक्त वाट दाखवायला. नानांनी पाण्याकडे बघायला सांगितलं, पोलादाकडे नाही. धार दगडाला नीट टेकली नसेल तर पाणी पात्याखाली शिरतं. नीट टेकली की पाण्याची बारीक लाट धारेवर चढून पात्यावर येते. आधी ती टाचेशी चढली, टोकाशी नाही. टाचेकडचा हात केसभर उचलला. तासाभरानं लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी चढली, तेव्हा नाना म्हणाले, "आते बदल दगड." आठ हजारांवर शेवटी इतकं हलकं फिरवलं, की आवाजही येत नव्हता.

मग त्यांची चामोटी. म्हशीचं कातडं, तळहात घासघासून काळंभोर झालेलं. इथे चाल उलटी. पाठ पुढे, धार मागे, आणि पालटायचं पाठीवरून. धारेवरून पालटलं तर चामोटी कापली जाते आणि धारही जाते. साठ फेरे मोजून झाले. डोक्यावरचा एक केस उपटून धारेवर सोडला. तो दोन झाला, कसा ते दिसलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे कढत पाण्यानं तोंड शेकलं, फेस भरपूर केला, डाव्या हातानं कातडी ताणली आणि पातं जेमतेम तिरकं टेकवून खाली नेलं. पोकळ पात्यातून सुर्र असा आवाज आला. लहानपणी ओट्यावर आबांच्या गालाजवळून हाच आवाज यायचा, आणि मी तो इतक्या वर्षांत एकदाही आठवला नव्हता. हनुवटीच्या खळगीत घाई केली, तिथे एक थेंब रक्त आलं, तुरटी फिरवली. गाल दिवसभर थंड राहिला. पातं पुसून तेल लावायला गेलो तर थंडीनं खोबरेल थिजलेलं, मग शेंगदाण्याचंच लावलं.

गाल दाखवायला गेलो तेव्हा नानांनी हात फिरवून पाहिला आणि आतून धोकटी आणवली. खंडेनवमीची हळद अजून तिच्यावर होती. त्यांच्या वडिलांचा वस्तरा त्यात होता. दगडावर जाऊन जाऊन पातं निम्मं उरलेलं, पाठही तितकीच झिजलेली. "हाले बी लाव धार," नाना म्हणाले.

मी तो दगडावर नेला नाही. चामोटीवर साठ वेळा फिरवून त्यांच्या हातात दिला.