दुखणं विक्रीचं नव्हतंच!

गेले तीन दिवस मी भेटेल त्याच्यापुढे वही उघडतोय. बायको म्हणाली, आता डोक्यावर मोरपिसांची टोपी घाला आणि वासुदेवासारखे दारोदार फिरा!

पंढरपूरच्या प्रदक्षिणा मार्गावर आमचं चुरमुरे-बत्ताशांचं दुकान. 2024चा जून आदल्या जूनपेक्षा पार बसला. मी घाबरून भट्टीवाल्याकडची मागणी निम्म्यावर आणली. जुलैत माल संपला, मग चढ्या भावानं दुप्पट उचलला, आणि तो पावसात सादळला. पोत्यात हात घातला की कुरकुर नाही, ओला कापूस नुसता.

भाचा चाकणला गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीत आहे. म्हणाला, मामा, कंट्रोल चार्ट काढू. 1924 साली अमेरिकेत शूहार्टनं टेलिफोनच्या कारखान्यासाठी काढलेली युक्ती! मध्ये सरासरीची रेघ, वर-खाली दोन हद्दी. टिंब आत असेल तर तो रोजचा चढउतार, हात लावायचा नाही. बाहेर गेलं तरच कारण शोधायचं.

2019पासूनच्या महिनेवार विक्रीची टिंबं टाकली, तर सगळा शिमगा! आणि मग भिंतीवरच्या कालनिर्णयकडे नजर गेली. आषाढी 2023ला 29 जूनला, 2024ला 17 जुलैला. अठरा दिवसांचा फरक! हिशेब जीएसटीसाठी इंग्रजी महिन्यांत, गिऱ्हाईक मात्र तिथीनं येणार. पंढरपुरात जन्मून हे कागदावर मांडायचं सुचू नये?

पुन्हा तिथीवार मांडलं. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री वेगळ्या, महिन्याच्या एकादश्या वेगळ्या, एरवीचे दिवस वेगळे. अहो, दरवर्षीचे डोंगर एकावर एक बसले! बाहेर उरली ती 2020-21च्या कोरोनाची टिंबं आणि 2023च्या अधिक श्रावणाची. एरवीचे दिवस तर दोन हद्दींच्या आत निवांत. बसलेला जून बसलाच नव्हता, एकादशी फक्त पुढं सरकली होती.

खरा धक्का पुढं. त्याच कागदावर मी दिलेल्या मागण्या लाल शाईनं मांडल्या. विक्रीची लाट गुडघाभर, माझी मागणी डोक्यावरून! भाचा म्हणाला, फॉरेस्टर नावाच्या अभ्यासकानं 1961 साली पुस्तकात हेच मांडलंय. चाबकासारखं, मनगट जरा हललं की टोक केवढं फटकारतं. माझ्यामागे भट्टीवाला, त्याच्यामागे तांदूळवाला, त्यांचं काय झालं असेल!

2026ला ज्येष्ठ अधिक, आषाढी 25 जुलैला. पेन्सिलीनं टिंबं टाकून ठेवलीत. भट्टीवाल्याला फोन केला, वही घेऊन या. तो बिचारा, मी जुना हिशेब उकरून काढतोय असं समजून, दोन दिवस फिरकलाच नाही.