धानाच्या पोत्यासाठी आलेली रेल्वे

तुमसरला पहिल्यांदा रेल्वेने येणारा पाहुणा हमखास चकतो. उतरतो तुमसर रोडवर, आणि चौकशी करतो तर गाव देव्हाडी! तुमसर शहर अजून काही किलोमीटर पुढे. नोकरीवर रुजू व्हायला आलो तेव्हा मीही असाच पेटी घेऊन फलाटावर उभा होतो.

शेतकरी बंधूंनो, ही लाइन मुळात माणसांपेक्षा धान्यासाठी झाली. मुंबईची रेल्वे 1867 साली नागपूरला पोचली होती. छत्तीसगडचे धान मात्र बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून आणि बंड्यांतून यायचे. चिखल झाला की वाट बंद. 1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खनेत माणसे अन्नावाचून मेली. त्यानंतर सरकारनेच नागपूर-छत्तीसगड रेल्वे बांधायला घेतली. 1880 साली नागपूर ते तुमसर रोड हा टप्पा सुरू झाला. पुढे माडगीकडे वैनगंगा ओलांडून लाइन राजनांदगावपर्यंत गेली.

काटकसर म्हणून रूळ ठेवले एक मीटर रुंदीचे. मुंबईकडचे रूळ साडेपाच फुटांचे! म्हणजे नागपुरात प्रत्येक पोते एका डब्यातून काढून दुसऱ्यात टाकायचे. हमाली वेगळी, सांडलवंड वेगळी. ज्याने खळ्यावरचे पोते बाजारापर्यंत दोनदा उचलले आहे, त्याला ही काटकसर किती महाग पडली ते सांगायला नको. 1887 साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली. तिने ही लाइन घेऊन रूळ रुंद केले, आणि 1 फेब्रुवारी 1891 पासून आसनसोलपर्यंत मालगाड्या धावू लागल्या.

आता दुष्काळ हटायला हवा होता. पण 1896-97 मध्ये आणि पुन्हा 1899-1900 मध्ये याच मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. मला वाटते, दोष रुळांचा नव्हे. मालगाडी धान्य आणू शकते, पण ते विकत घ्यायला गाठीला पैसा लागतो. पीक बुडालेल्या, मजुरी बंद पडलेल्या घरात तो कुठून यायचा?

पुढे मॅंगनीज आले. तिरोडीच्या फाट्यावरून खनिजाचे काळे डबे येऊ लागले. चिखला, डोंगरी बुजुर्गच्या खाणी मूळच्या इंग्रज कंपनीच्या. 1962 साली त्यांत सरकारचा 51 टक्के वाटा झाला, 1977 साली उरलेलाही सरकारने घेतला.

मला मात्र आठवतो तो युरिया. एका वर्षी रोवणी आटोपली, बांधीत पाणी बेताचे, आणि खताची रॅक काही येईना. रोज शेतकरी विचारायचे, ‘साहेब, गाडी कुठवर आली?’ मी रोज ‘उद्या’ म्हणायचो. अखेर एका रात्री डबे लागले. भर पावसात हमालांनी ताडपत्री धरून पोती उतरवली, आणि उजाडायच्या आत मालधक्क्याबाहेर बंड्यांची रांग लागली होती.