जांभळाचं काळं पाणी

माणसाचं पाऊल घसरतं ते नेहमी नातेवाइकांच्या आग्रहामुळे. माझं पुण्यात घसरलं, सख्ख्या भाच्याच्या आग्रहामुळे.

एरवी आम्ही मूर्तिजापूरकर घसरणाऱ्यांतले नव्हे. आमच्या तालुक्यातल्या दापुऱ्याला गाडगेबाबा लहानाचे मोठे झाले. वडील दारूपायी गेले म्हणून आई पोराला घेऊन माहेरी आली, आणि पुढे त्या मामाची जमीन सावकारानं गिळली. बाबा मग आयुष्यभर कीर्तनातून सांगत राहिले : दारू पिऊ नका, कर्ज काढू नका. आमच्या आजोबांनी ते कीर्तन ऐकलं आणि त्याच रात्री घरात जाहीर केलं, की या उंबऱ्याच्या आत थेंब येणार नाही. त्याला कारण होतं. त्यांचे थोरले भाऊ तोवर साडेचार एकर काळी जमीन प्यायले होते.

बाबांच्या दोन शिकवणींपैकी कर्जाची शिकवण लोकांना मोडायला लावण्याचाच मी पगार घेतो. बँकेत कर्जाच्या टेबलावर आहे. राहता राहिली दारूची. ती चाळिशी उलटेपर्यंत सांभाळली होती.

भाचा म्हणाला, "मामा, ही दारू नाही, बिअर आहे. आणि नुसती बिअरही नाही, एल आहे."

एल म्हटल्यावर मला आधी एलआयसीच आठवली.

भाच्यानं समजावलं, की ऊबदार हवेत आंबवतात ती एल आणि थंडीत सावकाश आंबवतात ती लागर. मी म्हटलं, मग आमच्या मूर्तिजापूरच्या उन्हाळ्यात घरचं ताकसुद्धा एलच होत असेल. पुण्यात अशी ताजी बिअर जागेवर गाळून देणारी दुकानं 2009 पासून निघाली आहेत म्हणे. परवान्याचं विचारलं तर कळलं, की 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे पिणाऱ्यालाही कागदोपत्री परवाना लागतो : एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजन्म. मला एकदम ओळखीच्या गावात आल्यासारखं वाटलं. आमच्या मुदत ठेवींचीच ही मावसबहीण! मी एक दिवसाचा घेतला. आपोआप नूतनीकरणाची सोय नाही ना, एवढं तेवढं विचारून घेतलं.

ग्लास आला. पहिल्या पावसानंतरच्या आमच्या शेतासारखा काळाभोर. वर गुळाच्या कढईवर येतो तसा तपकिरी फेस. नाकाशी नेला तर फुटाण्याच्या भट्टीचा वास. पहिल्या घोटाला चिखलदऱ्याची कॉफी कुणीतरी साखर न घालता गार करून दिल्यासारखं वाटलं. जांभूळ कुठेच नाही! मी तक्रार करणार इतक्यात ते आलं. शकुंतला धावत होती तेव्हा आमच्या जंक्शनात यायची तसंच आलं : उशिरा, हळूहळू, पण येणार म्हणजे येणार. आधी जिभेच्या कडेला आंबट, मग टाळ्याला तुरट.

"गोडी कुठे गेली?" मी विचारलं.

दुकानातला बिअर करणारा पोरगा नम्र होता. म्हणाला, "काका, फळातली साखर यीस्ट खाऊन टाकतं. मागं आंबटतुरटपणा उरतो. आणि काळा रंग जांभळाचा नाही, करपेपर्यंत भाजलेल्या सातूचा." बेल्जियममध्ये आंबट चेरी घालून असंच करतात आणि त्याला क्रीक म्हणतात, हेही त्यानं सांगितलं. मला त्या यीस्टचा आदर वाटू लागला. गोड तेवढं सगळं आपण खायचं आणि तुरट समोरच्याच्या खात्यात जमा करायचं, हे आमच्या साहेबांनाही वीस वर्षांच्या नोकरीनंतर जमलं होतं.

अर्ध्या ग्लासापाशी माझ्या लक्षात आलं, की मला ती आवडते आहे. आणि तिथंच हात थांबला. कारण थोरल्या आजोबांनाही आवडलीच असणार. लहानपणापासून मी त्यांना वाईट माणूस समजत आलो होतो. ते वाईट नसतील, त्यांना फक्त आवडली असेल. न आवडणाऱ्या गोष्टीपायी साडेचार एकर कोण घालवतं?

उरलेला अर्धा ग्लास भाच्यानं संपवला.

परतीला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये आरशापुढे जीभ काढून पाहिली. लहानपणी शेजारची जांभळं चोरली की निळ्या जिभेमुळे हमखास पकडला जायचो. या वेळी जीभ स्वच्छ होती. तरी घरी पोहोचताच आईनं विचारलं, "तोंड काऊन लपवतं रे? काय खाल्लं पुन्यात?"

मी खरं ते सांगितलं.

"कशी लागली?"

"आधी जळकी, मग आंबट, शेवटी तुरट."

"अन् त्याचे पैसे देले? जळकं तं माह्या हातचं तू रोज फुकट खातं, अन् वरून नावं ठेवतं!" मग थोडं थांबून तिनं विचारलं, "पुन्हा पेशील?"

"नाही."

"काऊन? आवडली नाही?"

"आवडली म्हणूनच."

आई काही बोलली नाही. तिनं आजोबांच्या तसबिरीकडे एकदा पाहिलं आणि आतून वाटीभर जांभळं मीठ लावून आणून दिली. जीभ निळी होईस्तोवर मी खाल्ली. खाल्लेलं चारचौघांत दिसलेलं बरं असतं.