गोठलेल्या तळ्यावर दोन रात्री

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘दहा हजार तळी’ असं लिहिलेलं असतं. हे मोजमाप जरा विनयाचंच आहे. दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर तिथे ती ११,८४२ भरतात. मी मूळचा इंदूरचा, सिरपूर आणि पिपल्यापाला बघत वाढलेला. नोकरीनिमित्त मिनियापोलिसला आल्यावर पहिले दोन हिवाळे मी खिडकीतून बर्फ बघण्यातच घालवले. तिसऱ्या वर्षी ऑफिसमधल्या मित्राने विचारलं, “तळ्यावर येतोस का?” तळ्याकाठी नाही, तळ्यावर!

आम्ही गेलो ते मिल लॅक्स नावाच्या तळ्यावर. मिनियापोलिसहून उत्तरेला साधारण १६० किलोमीटर, गाडीने दोन तास. क्षेत्रफळ सुमारे ५३५ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा थोडंच कमी. खोली मात्र जास्तीत जास्त ४२ फूट. एवढं पसरट आणि उथळ तळं डिसेंबरात गोठतं आणि मग त्यावर चक्क एक गाव वसतं. काठावरचे रिसॉर्टवाले बर्फावर रस्ते साफ करतात, भेगा पडल्या की त्यावर हलवता येणारे पूल टाकतात आणि चाकांवरच्या खोल्या ओढत नेऊन भाड्याने देतात. आमच्या खोलीत चार बंक, गॅसचा हीटर, छोटी शेगडी आणि जमिनीत झाकणं लावलेली भोकं होती. झाकण उघडायचं, खालचा बर्फ ऑगरने म्हणजे मोठ्या गिरमिटाने भोसकायचा आणि पलंगावर बसून गळ सोडायचा.

एवढं मोठं तळं तळापर्यंत का गोठत नाही, हे शाळेत शिकलो होतो, पण तिथे ते पटलं. पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. त्यामुळे ते खाली बसतं, त्याहून थंड पाणी वर राहतं आणि वरच गोठतं. बर्फाची चादर मग खालच्या पाण्याला पांघरुणासारखी राखते. मासे खाली निवांत जगतात.

इथला मानाचा मासा म्हणजे वॉलाय, मिनेसोटाचा राज्य मासा. त्याचे डोळे अंधारात मांजरासारखे चमकतात, म्हणून तो कमी उजेडातही भक्ष्य पकडतो आणि सूर्य मावळताना गळाला लागतो. सोळा वर्षांवरच्या बहुतेकांना परवाना लागतो, तो २४ तासांचाही मिळतो. किती मासे आणि किती लांबीचे घरी न्यायचे, हे सरकार ठरवतं आणि ते बदलत राहतं. या तळ्यावर ओजिब्वे या मूळ रहिवाशांचाही हक्क आहे. १८३७ च्या करारात त्यांनी जमीन दिली, पण मासेमारी आणि शिकारीचा हक्क राखून ठेवला. तो हक्क अजून कायम आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये दिला.

आमच्यासोबत मित्राचे वडीलही होते. सत्तरी ओलांडलेले, लहानपणापासून या तळ्यावर येणारे. तिथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण मनातल्या मनात मी त्यांना काकाच म्हणत होतो. काका रिसॉर्टच्या रस्त्यावरून निघाले तरी हातात एक पहार ठेवायचे. रस्ता सोडून चालायचं म्हटलं की आधी पहारीने बर्फ ठोकायचे, मग भोक पाडून टेपने जाडी मोजायचे. काल इथेच मोजली होती ना, असं मी विचारलं. ते म्हणाले, “काल मोजली होती. आज कुठे मोजली?”

सरकारी मार्गदर्शनानुसार चालायला किमान ४ इंच चांगला बर्फ हवा, स्नोमोबील किंवा छोट्या एटीव्हीला ५ ते ७ इंच, छोट्या गाडीला ९ ते १० इंच. हे आकडे निळसर, स्वच्छ, नव्या बर्फाचे. पांढरा, बर्फवृष्टी मुरून बनलेला बर्फ बराच कमजोर असतो, तेव्हा जाडी दुप्पट धरायची. आणि हे सांगून झाल्यावर तेच मार्गदर्शन म्हणतं की कोणताही बर्फ शंभर टक्के सुरक्षित नाही. गाडी चालवताना सीटबेल्ट काढून ठेवायचा आणि खिडक्या उघड्या ठेवायच्या, म्हणजे वेळ आली तर पटकन बाहेर पडता येतं. सीटबेल्ट लावा म्हणून आयुष्यभर ऐकलेल्या माझ्या बायकोला हे ऐकून हसू आलं आणि मग एकदम आलेलं हसू थांबलं.

भीती निराधार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये आणखी उत्तरेच्या अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला आणि सुमारे २०० जण त्यावर अडकले. डिसेंबर २०२३ मध्ये तिथेच पुन्हा शंभराहून अधिक जणांना सोडवावं लागलं. २०२३-२४ चा हिवाळा तर मिनेसोटाच्या नोंदींतल्या सर्वांत उबदार हिवाळ्यांपैकी एक ठरला. ज्यांची रोजीरोटी बर्फाच्या जाडीवर आहे, त्या रिसॉर्टवाल्यांसाठी हवामानबदल हा गप्पांचा विषय नाही, हंगामाचा हिशोब आहे.

दुसऱ्या दिवशी स्नोमोबील. मी तिचा सुरक्षा अभ्यासक्रम आधीच पूर्ण केला होता, कारण १९७६ नंतर जन्मलेल्या रहिवाशांना त्याशिवाय चालवता येत नाही. बाहेर उणे २०. ताशी ५० किलोमीटर वेगाने निघालं की तीच हवा चेहऱ्याला उणे ३५ सारखी लागते. हेल्मेटच्या आत श्वास गोठतो, हँडल मात्र विजेवर गरम राहतं. सपाट पांढरं मैदान, वर निळं आकाश आणि कुठेही झाड नाही. मित्राला आणि मला पलीकडच्या काठापर्यंत जायचं होतं. वाटेत बर्फ एकमेकांवर चढून तयार झालेली उंच कड लागली. काकांनी एटीव्ही थांबवली, उतरले, पहार मारली आणि परत फिरायला सांगितलं. कोणी वाद घातला नाही.

रात्री तापमान आणखी उतरलं की तळं बोलायला लागतं. लांबून गडगडाट येतो आणि आपल्या पायाखालून निघून जातो. बर्फ आकसतो, ताणतो, भेगा पडतात, त्याचा तो आवाज. काका म्हणाले, “हा आवाज चांगला. थंडी वाढतेय.” इंदूरहून आईचा फोन आला, तेव्हा मी तोच आवाज तिला ऐकवला. ती म्हणाली, “ऐकलं मी. आता काठावर जा, तिथून फोन कर.”

त्या संध्याकाळी तीन वॉलाय मिळाले. त्यातला एक नियमाबाहेरच्या लांबीचा, तो परत पाण्यात गेला. बाकीचे शेगडीवर तळले. मासे न खाणाऱ्या बायकोने घरून आणलेले पोहे वर शेव घालून सगळ्यांना दिले. काकांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले.

आपल्यातली बरीच मुलं आता शिकायला मिनेसोटा, मिशिगन किंवा कॅनडाला जातात. जाणार असाल तर जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ बरा. तीन थरांचे कपडे, जलरोधक बूट आणि गळ्यात बर्फात रुतवायच्या दोन टोच्यांची दोरी घ्या. बंद खोलीत हीटर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, हे आधी बघा. आणि पहिल्यांदा तरी एकटे जाऊ नका. रिसॉर्टवाल्याला सकाळी विचारा, आज बर्फ किती इंच आहे. तो अंदाजाने उत्तर देत नाही, मोजून सांगतो.