पानाची उलटी बाजू

भरतकाम हातात घेतले की ते आधी उलटून पाहायचे, ही आपल्या आज्यांच्या पिढीची रीत होती. पुढच्या बाजूचा मोर कोणालाही जमतो. मागे दोरे लोंबताहेत की टाके नीट बसले आहेत, यावर मुलीची पारख व्हायची. मुलींची पारख करण्याची ती पद्धत गेली, हे फारच बरे झाले. तिच्याबरोबर उलटून पाहण्याची सवयही गेली, हे मात्र तितकेसे बरे झाले नाही. हल्ली आपण एका दिवसात जितकी पाने चाळतो, तितकी आपल्या आजोबांनी महिन्यात चाळली नसतील. आणि त्यांतले एकही पान आपण उलटून पाहत नाही. अर्थात मी बोलते आहे ती संगणकाच्या आणि मोबाईलच्या पडद्यावर उमटणाऱ्या पानांविषयी.

ही पाने ज्यातून दिसतात त्याला ब्राउझर म्हणतात. त्याला ‘न्याहाळक’ असा मराठी प्रतिशब्द आहे. मराठीची प्राध्यापक म्हणून मला तो आवडतो. पण आमच्या कॉलेजात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कोणीही तो वापरत नाही. तेव्हा आपणही ब्राउझरच म्हणू.

पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत लिहिला. त्याची गंमत अशी, की त्यात पान वाचता येई आणि तिथल्या तिथे लिहिताही येई. वाचणारा आणि लिहिणारा एकाच पाटावर बसत. पुढे १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून मोझेक आला. त्याने चित्रे मजकुराच्या पंगतीला आणून बसवली. जग त्याच्यावर भाळले, आणि लिहिण्याची सोय मागे पडली ती पडलीच. एक खिडकी तेवढी किलकिली राहिली. पानाचा मूळ मजकूर पाहायचा असेल तर तो कोणालाही पाहता येत असे. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले, तेव्हा ही खिडकीही त्याच्याबरोबर आली. पण तिच्यातून डोकावणार कोण? मीही डोकावले नसते. डोकावायला लावले ते माझ्या एका विद्यार्थ्याने.

हा मुलगा दृष्टिहीन आहे. मराठी घेऊन बी. ए. करतो. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी एक आज्ञावली त्याच्या संगणकात आहे. तिच्या भरवशावर त्याचा सगळा अभ्यास चालतो. एकदा तास संपल्यावर तो माझ्यापाशी आला.

“मॅडम, ग्यानेश्वरी आणि ज्ञानेश्वरी एकच ना?”

मला हसू आले. तो मात्र हसला नाही.

“संतसाहित्याची एक साइट आहे. तिथे माझा संगणक ग्यानेश्वरी म्हणतो. विज्ञानाला विग्यान म्हणतो. दुसऱ्या साइटवर तोच संगणक नीट मराठी बोलतो. मी सगळं कानानं शिकतो, मॅडम. कानात चुकीचं गेलं की लिहितानाही तेच येतं.”

शुद्धलेखनावर मी वीस वर्षे व्याख्याने देत आले आहे. त्यांतल्या एकाही व्याख्यानात हा मुद्दा नव्हता.

माझी भाची पुण्यात हिंजवडीला वेबसाइटी बनवण्याचे काम करते. रविवारी ती घरी आली, तेव्हा पोहे पुढे ठेवून मी तिला हे कोडे घातले. तिने ते पान उघडले आणि कीबोर्डावरची एफ-बारा ही कळ दाबली. पडद्याचा अर्धा भाग कंसांनी आणि इंग्रजी अक्षरांनी भरून गेला. पान उलटे झाले होते.

“मावशी, याला डेव्हलपर टूल्स म्हणतात. २००६ साली फायरफॉक्ससाठी फायरबग नावाचं एक साधन निघालं होतं. आता प्रत्येक ब्राउझरच्या पोटात असं काहीतरी असतंच. पानावरच्या कुठल्याही गोष्टीवर बोट ठेव, तिचं मूळ इथे दिसतं.” मग तिने अगदी वरच्या ओळीकडे बोट दाखवले. “आणि हा बघ तुझा चोर.”

पानाच्या कपाळावर, हे पान कोणत्या भाषेत आहे ते दोन अक्षरांत लिहायचे असते. मराठीसाठी एम-आर, हिंदीसाठी एच-आय, इंग्रजीसाठी ई-एन. आमच्या संतसाहित्याच्या पानावर लिहिले होते एच-आय. बिचाऱ्या यंत्राने त्यावर विश्वास ठेवला आणि हिंदीच्या उच्चाराने ज्ञानदेवांचा ग्यानदेव केला. भाचीने ती दोन अक्षरे खोडून एम-आर लिहिले. आणि काय सांगू! पानातले सगळे ‘ल’ माझ्या डोळ्यांदेखत बदलले. दंडाचा हिंदी ‘ल’ जाऊन आपला पाकळ्यांचा ‘ल’ आला. ‘श’नेही मराठी वळण घेतले. ज्या टंकात दोन्ही वळणांची सोय केलेली असते, त्यात ब्राउझर ही दोन अक्षरे वाचूनच कोणते वळण घ्यायचे ते ठरवतो. मराठीची मोहर उमटायला साधन तयार होते. मोहर उमटवा असे सांगणारे कोणी नव्हते.

मला इथे जुन्या काळाची आठवण झाली. १९५३ साली लखनौला लिपिसुधारणेची परिषद भरली होती. छापण्याच्या आणि टंकलेखनाच्या यंत्रांना आपल्या वेलांट्या, उकार, जोडाक्षरे यांचा फार जाच होत असे. परिषदेने ठरवले, की ऱ्हस्व वेलांटीही अक्षराच्या उजवीकडेच द्यावी. तो निर्णय टिकला नाही. पण यंत्राला जमत नाही म्हणून लिपीने अंग चोरायचे, हा त्या काळचा विचार होता. त्यात विद्वानांचा दोष नव्हता. यंत्रच अडाणी होते. पुढे इंटरनेटवरही सुरुवातीची कितीतरी वर्षे तेच झाले. ज्या त्या मराठी संकेतस्थळाचा टंक वेगळा. तो आपल्या संगणकात नसला, तर अग्रलेखाच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची.

युनिकोड आले आणि चित्र पालटले. आता संगणक ‘कि’ साठवतो तो उच्चाराच्या क्रमाने, आधी क आणि मग वेलांटी. आणि दाखवताना वेलांटी आपण होऊन अक्षराच्या डावीकडे नेऊन ठेवतो. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला फरक तो सांभाळतो, नाहीतर आमच्या विभागातल्या एखाद्या आचार्यांना स्वयंपाकघरात जावे लागले असते. क्रोम आणि फायरफॉक्स यांच्या पोटात ही अक्षरे जुळवणाऱ्या आज्ञावलीचे नाव आहे हार्फबझ. भाचीने ते नाव सांगताच माझे कान टवकारले. फारसीत ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे खुले. जुन्या मराठीतला ‘हरफ’ तो हाच! आपल्या लेखी परदेशी असलेल्या यंत्राच्या पोटात आपल्याच कोशातला शब्द निघाला, याचा आनंद मराठीच्या शिक्षकालाच कळेल.

सोमवारी आम्ही त्या मुलाच्या संगणकावर तोच प्रयोग केला. मी एच-आय पुसून एम-आर लिहिले. त्याने कळ दाबली. यंत्राने स्वच्छ म्हटले, “ज्ञानेश्वरी.” त्याने पुन्हा ऐकले. तिसऱ्यांदा ऐकले. मग मी अजाणता पान ताजे केले, आणि पुन्हा ग्यानेश्वरी! या साधनांनी केलेला बदल फक्त आपल्या पडद्यापुरता असतो. पान पुन्हा मागवले की तो पुसला जातो. घरी आलेल्या वर्तमानपत्रावर पेन्सिलीने चुका सुधाराव्यात, तसे. छापखान्यात काही बदलत नाही.

म्हणून छापखान्याला पत्र लिहिले, म्हणजे त्या संकेतस्थळाच्या चालकांना. उत्तर सभ्य आले: आपल्या सूचनेबद्दल आभार, परंतु आमच्या पानाला तपासणीत शंभरपैकी शंभर गुण आहेत. भाचीला विचारले, तर ती म्हणाली, “खरं असेल, मावशी.” क्रोममध्ये लाइटहाऊस नावाची एक तपासनीस आज्ञावली असते. पान किती वेगाने उघडते, दृष्टिहीनांना वापरता येते की नाही, याचे ती गुण देते. पानावर भाषेची चिठ्ठी आहे का आणि चिठ्ठीवरची अक्षरे वैध आहेत का, हे ती पाहते. चिठ्ठी खरी आहे का, हे ती पाहत नाही. एच-आय ही वैध चिठ्ठी आहे; पूर्ण गुण!

आता साधने दरवर्षी अधिक हुशार होत आहेत. २०२२ पासून ब्राउझर बनवणाऱ्या प्रतिस्पर्धी कंपन्या दर वर्षी एकत्र बसून ठरवतात, की अमुक गोष्टी सगळ्यांच्या ब्राउझरमध्ये सारख्याच चालल्या पाहिजेत. २०२४ मध्ये क्रोमच्या या हत्यारपेटीत कृत्रिम बुद्धीचा मदतनीसही येऊन बसला. त्याचे मी स्वागतच करते. पण ‘ग्यानेश्वरी’ ऐकून ज्याचे कान दुखतात, असा मनुष्य पेटीजवळ असल्याखेरीज त्या हत्यारांना कामाला कोण लावणार?

तो मनुष्य आमच्या वर्गातच होता. माझ्या पत्राने जे झाले नाही ते त्याने केले. आपला संगणक ते पान कसे वाचतो, याचे दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून त्याने चालकांना पाठवले. सोबत एकच ओळ: ‘कृपया एकदा डोळे मिटून ऐका.’ चार दिवसांनी ते पान मराठीत बोलू लागले.

आता आमच्या तृतीय वर्षाच्या वर्गाला नवा नाद लागला आहे. शनिवारी मुले प्रयोगशाळेत जमतात आणि मराठी पाने उलटून पाहतात. कोणाच्या कपाळावर ई-एन आहे, कोणाच्या एच-आय, कोणाचे कपाळ अगदीच कोरे. त्याची वही भरते आहे, पत्रे जात आहेत. काही उत्तरे येतात, काही येत नाहीत.

परवा तो पुन्हा माझ्या टेबलाशी आला. “मॅडम, त्याच साइटवर आणखी एक गोष्ट आहे. मध्येच यंत्र नुसतं ‘चित्र’ म्हणतं आणि पुढे जातं. कसलं चित्र आहे?”

मी पाहिले. आळंदीचे, ज्ञानेश्वरांच्या समाधिमंदिराचे छायाचित्र होते. पान उलटून पाहिले, तर चित्राचे वर्णन लिहायची जागा कोरी होती. मी त्याला ते चित्र शब्दांत सांगितले. शिखर, दीपमाळ, पायरीवर बसलेली एक म्हातारी.

“छान आहे,” तो म्हणाला, आणि बसल्या बसल्या त्याने दुसरे पत्र लिहायला घेतले.