पूर्ण वर्तमानकाळ

शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकात इंग्रजीच्या बारा काळांचा तक्ता होता. त्यातलं 'पूर्ण वर्तमानकाळ' हे नाव मला विलक्षण वाटायचं. गोष्ट घडून गेलेली, तरी नाव वर्तमानाचं! बाईंनी खुणा दिल्या होत्या : जस्ट, ऑलरेडी, सिन्स दिसलं की 'हॅव', यस्टरडे, अगो दिसलं की साधा भूतकाळ. परीक्षेपुरत्या त्या पक्क्या. पण वाक्यात असा शब्दच नसला तर? 'आय लॉस्ट माय की' आणि 'आय हॅव लॉस्ट माय की', दोन्ही शुद्ध. दुसऱ्या वाक्यातल्या माणसाला किल्ली अजून सापडलेली नाही, हे तक्त्यात नव्हतं.

ते मला नोकरीत, पत्रव्यवहाराच्या टेबलावर उमगलं. ऑर्डर आली एवढंच कळवायचं तर 'वुई हॅव रिसीव्ह्ड'. तारीख घातली की 'वुई रिसीव्ह्ड'. मराठीत 'पाच तारखेला पैसे भरले आहेत' असं आपण सहज म्हणतो. इंग्रजीला ही जोडी चालत नाही. मला हा नियम कधी जाचक वाटला नाही. गोष्ट कधी घडली ते सांगायचंय, की तिचं आज काय, हे तो बोलणाऱ्याला ठरवायला लावतो. (अमेरिकी माणूस इथे सैल असतो; जेवणाच्या वेळी 'डिड यू ईट येट?' असं तो खुशाल विचारतो.)

पुढे तत्त्वज्ञ हान्स रायशेनबाखची काळांविषयीची मांडणी वाचली, 1947 सालची. घडण्याची वेळ आणि बोलण्याची वेळ या दोन तर उघडच. त्याने तिसरी दाखवली, जिथून आपण घटनेकडे पाहतो ती. दोन्ही काळांत घटना मागेच असते. साध्या भूतकाळात आपणही मागे जाऊन तिच्यापाशी उभे राहतो, पूर्ण वर्तमानकाळात इथूनच पाहतो. इतकी वर्षं वापरत आलेल्या गोष्टीचा सांगाडा दिसला आणि मी हरखून गेलो.

मग भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कींचं उदाहरण भेटलं. 'आइन्स्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन' हे वाक्य आज खटकतं, कारण आइन्स्टाइन 1955 साली गेले. पण 'प्रिन्स्टन हॅज बीन व्हिजिटेड बाय आइन्स्टाइन' चालतं. प्रिन्स्टन आहेच ना!

वडील गेले तेव्हा त्यांच्या परदेशातल्या मित्राला मी इंग्रजीत कळवायला बसलो. आधीच्या पत्रांत 'ही हॅज लिव्ह्ड हिअर ऑल हिज लाइफ' असं मीच लिहिलेलं. आता 'ही लिव्ह्ड'. वडिलांची सगळी क्रियापदं एकेक करून मागे न्यावी लागली. कपाटापाशी आलो तेव्हा मात्र वाक्याचा कर्ता बदलला आणि लिहिलं, 'एव्हरी बुक ऑन धिस शेल्फ हॅज बीन रेड अँड मार्क्ड बाय हिम.' व्याकरणाने ते लिहू दिलं, याचं मला त्या दिवशी फार बरं वाटलं.